बाटली नको, ग्रॅम मोजा : स्ट्राँग बिअर, क्राफ्ट बिअर आणि आपला चुकणारा हिशोब

"दारू घेता का?" हा प्रश्न मला रोज बऱ्याच पेशंटना विचारावा लागतो. हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाची तीन उत्तरं मिळतात. एक "हो", दुसरं "नाही" आणि तिसरं "दारू नाही साहेब, फक्त बिअर." पहिल्या दोन उत्तरांवर माझं काम सरळ पुढे जातं. तिसऱ्या उत्तरावर मात्र मला थांबून आणखी चार प्रश्न विचारावे लागतात. कुठली बिअर? किती मिलीची बाटली? बाटलीवर किती टक्के लिहिलेलं असतं? एका बैठकीत किती बाटल्या? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळे देतात. मधल्या दोन प्रश्नांचं उत्तर क्वचितच कुणाला देता येतं.

आजचा लेख त्या मधल्या दोन प्रश्नांबद्दल आहे.

वाद नेमका काय आहे?

दिवाळीत किंवा लग्नसराईत पुण्याहून गावी आलेली मुलं आणि गावातले त्यांचे मित्र एकत्र बसले की एक वाद हमखास होतो. पुण्यातल्या मुलाला 'क्राफ्ट' बिअरची चव लागलेली असते. क्राफ्ट म्हणजे छोट्या कारखान्यात किंवा थेट हॉटेलातच थोड्या प्रमाणात तयार केलेली बिअर. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झालं आणि महाराष्ट्रात या प्रकाराची ओळख झाली. पुढे पुण्या-मुंबईत अशी बरीच ठिकाणं निघाली.

त्याच काळात मोठ्या कंपन्या उलट्या दिशेनं चालल्या होत्या. किंगफिशरच्या साध्या लागरमध्ये पाच टक्क्यांच्या आत अल्कोहोल असतं, पण खप वाढला तो 'किंगफिशर स्ट्राँग'चा. अमेरिकेत पाच टक्क्यांची म्हणून ओळखली जाणारी बडवायझर भारतात 'मॅग्नम' या नावानं जास्त कडक रूपात आली. टुबोर्ग आणि कार्ल्सबर्ग यांनीही स्ट्राँग बाटल्या काढल्या. क्राफ्टच्या चाहत्यांना सगळ्यात जास्त लागलं ते 'बिरा'चं. २०१५ साली वेगळ्या चवीची बिअर म्हणून आलेल्या या ब्रँडनंही पुढे 'स्ट्राँग' आणि 'बूम' काढल्या. आज भारतात विकल्या जाणाऱ्या दहा बिअरमधल्या साधारण आठ स्ट्राँग असतात.

दरवेळी अशी नवी कडक लागर आली की क्राफ्टवाल्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते: "ही बिअर नाहीच, चढण्यासाठी केलेलं गोडसर पाणी आहे. यात ग्लिसरीन असतं, म्हणून सकाळी डोकं धरतं. आमची बिअर नैसर्गिक असते." गावातल्या मित्राचं उत्तरही ठरलेलं: "तुझ्या एका मगाच्या पैशात माझ्या दोन बाटल्या येतात, आणि काम होतं."

चवीच्या या वादात मी पडणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण दोघंही एक गोष्ट गृहीत धरून बोलत असतात: आपण पितो ती 'फक्त बिअर' आहे. तिथे मात्र डॉक्टर म्हणून मला बोलावं लागतं.

आधी गणित करू

बाटलीवर लिहिलेला टक्का म्हणजे शंभर मिली बिअरमध्ये किती मिली शुद्ध अल्कोहोल आहे तो आकडा. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक मिली अल्कोहोलचं वजन सुमारे ०.७९ ग्रॅम भरतं. म्हणून सूत्र असं:

बाटलीतले मिली × टक्के ÷ १०० × ०.७९ = अल्कोहोलचे ग्रॅम

आता नेहमीच्या पेयांना हे सूत्र लावून पाहा.

- साधी बिअर, ६५० मिली, ५ टक्के : सुमारे २६ ग्रॅम
- स्ट्राँग बिअर, ६५० मिली, ८ टक्के : सुमारे ४१ ग्रॅम
- क्राफ्ट बिअरचा मग, ५०० मिली, ५ टक्के : सुमारे २० ग्रॅम
- क्राफ्ट बिअरचा कॅन, ३३० मिली, ६.५ टक्के : सुमारे १७ ग्रॅम
- व्हिस्कीचा लहान पेग, ३० मिली, ४२.८ टक्के : सुमारे १० ग्रॅम
- व्हिस्कीची क्वार्टर, १८० मिली : सुमारे ६१ ग्रॅम

हे आकडे सावकाश वाचा. ८ टक्क्यांची एक स्ट्राँग बाटली म्हणजे व्हिस्कीचे चार लहान पेग. दीड बाटली म्हणजे पूर्ण क्वार्टर. "मी क्वार्टरला हात लावत नाही, दोन बिअर घेतो" असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात क्वार्टरपेक्षा बरंच जास्त अल्कोहोल घेत असतो.

आता पुण्याच्या मुलाचा हिशोब. त्यानं शांतपणे, चवीचवीनं दोन मग घेतले तर ४० ग्रॅम झाले. त्याच्या मित्रानं एक स्ट्राँग बाटली घेतली, तर ४१ ग्रॅम. म्हणजे ज्याला तो नावं ठेवतो त्याच्याच बरोबरीला तो बसलेला असतो. तिसरा मग मागवला की तो पुढे निघून जातो.

एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेण्याला जागतिक आरोग्य संघटना 'एका वेळचं अतिमद्यपान' मानते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा सल्ला आठवड्याला ११२ ग्रॅमच्या वर जाऊ नये असा आहे. स्ट्राँगच्या बाटलीत मोजलं तर पूर्ण आठवड्यात पावणेतीन बाटल्या. आपल्याकडे काहींचा हा एका रात्रीचा कोटा असतो.

क्राफ्टवाल्यांचं काय बरोबर, काय चूक

एक गोष्ट त्यांची बरोबर आहे. कडवट, दाट चवीची बिअर माणूस सहसा सावकाश पितो. थंडगार, गोडसर, कडवटपणा कमी असलेली स्ट्राँग लागर उन्हाळ्यात घटाघट जाते. चार पेग व्हिस्की अर्ध्या तासात घेतली तर मित्रच हात धरतील. तेवढंच अल्कोहोल एका बाटलीतून गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वेग वाढला की रक्तातली पातळीही झपाट्यानं वाढते.

बाकीच्या दोन गोष्टी मात्र चूक आहेत.

पहिली ग्लिसरीनची. साखरेचं अल्कोहोल करताना यीस्ट थोडं ग्लिसरॉल आपोआप तयार करतं, मग बिअर मोठ्या कारखान्याची असो की छोट्या. सकाळी डोकं धरतं ते मुख्यतः अल्कोहोलची मात्रा, शरीरातलं कमी झालेलं पाणी आणि मोडलेली झोप यांमुळे. बाटली उलटी करून पाण्यात बुडवली की 'ग्लिसरीन निघून जातं' हा प्रकार मीही ऐकला आहे. त्यानं अल्कोहोल एक ग्रॅमही कमी होत नाही.

दुसरी 'नैसर्गिक'पणाची. स्ट्राँग बिअरमध्ये वरून स्पिरिट मिसळतात असाही समज आहे. तशी गरजच नसते. जव, तांदूळ किंवा साखर यांतून यीस्टला जास्त साखर खायला दिली की जास्त अल्कोहोल तयार होतं. ते अल्कोहोल आणि क्राफ्ट बिअरमधलं अल्कोहोल एकच. आपल्या लिव्हरला ब्रँड कळत नाही. त्याला फक्त ग्रॅम कळतात आणि तासाला साधारण सात-आठ ग्रॅम एवढ्याच वेगानं ते काम करतं. लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ, कडक चहा, कशानंही हा वेग वाढत नाही. एक स्ट्राँग बाटली निस्तरायला लिव्हरला पाच-सहा तास लागतात.

मग आमच्या दवाखान्यात काय दिसतं?

१. मधुमेह. ही मला सगळ्यात जास्त धास्ती वाटणारी गोष्ट आहे. उपाशीपोटी किंवा रात्री रक्तातली साखर टिकवायचं काम लिव्हर करतं. अल्कोहोल निस्तरण्यात ते गुंतलं की साखर सोडायचं काम मंदावतं. पेशंट इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असेल, संध्याकाळी नीट जेवला नसेल आणि दोन स्ट्राँग घेतल्या असतील, तर मध्यरात्री साखर धोकादायक पातळीला घसरू शकते. घाम, थरथर, अडखळतं बोलणं, असंबद्ध वागणं ही त्याची लक्षणं. घरच्यांना वाटतं, चढली आहे, झोपू द्या. त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही. मधुमेही माणूस पिऊन असा वागत असेल तर आधी साखर तपासा. तपासायची सोय नसेल आणि तो गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.

२. मुतखडा. "बिअर घेतली की खडा पडतो" हा सल्ला आपल्याकडे पानटपरीपासून पाहुण्यांपर्यंत सगळे देतात. बिअरनं लघवी जास्त होते हे खरं. त्याचं कारण असं की शरीरातलं पाणी राखणारं संप्रेरक अल्कोहोल दाबून टाकतं. म्हणजे प्यायलेल्या पाण्याबरोबर अंगातलं पाणीही जातं. मे महिन्यात आधीच घामानं आटलेल्या शरीराला हे परवडत नाही, आणि खडे होतात ते मुळात पाणी कमी पडल्यामुळे. शिवाय बिअरनं युरिक ॲसिड वाढतं, त्यामुळे युरिक ॲसिडचे खडे आणि गाऊटचं दुखणं दोन्ही बळावतात. थोडी बिअर घेणाऱ्यांमध्ये खड्यांचं प्रमाण कमी आढळल्याचे अभ्यास आहेत, पण त्यावरून बिअर हे औषध ठरत नाही. लहान खडा बहुतेक वेळा पाण्यानं आणि वेदनाशामकानंच पडतो. मोठा खडा मूत्रनळीत अडकला असेल तर वरून लघवीचा जोर वाढवून फक्त कळ वाढते. खड्यावर उपाय पाणी, तपासणी आणि गरज असेल तर सर्जनचा सल्ला.

३. पोट आणि लिव्हर. एका स्ट्राँग बाटलीत नुसत्या अल्कोहोलच्याच सुमारे २९० कॅलरी असतात. बिअरमधली उरलेली साखर-पिष्ट वेगळी, सोबतचे शेंगदाणे आणि तळलेलं वेगळं. ३०-३५ वर्षांच्या तरुणांच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' दिसतं तेव्हा अनेकांना धक्का बसतो, कारण त्यांच्या मते ते दारू पीतच नाहीत.

४. औषधं. टीबीची औषधं लिव्हरवर आधीच भार टाकतात, त्यात बिअरची भर म्हणजे कावीळीला आमंत्रण. फिटच्या आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही बिअरला 'हलकी' समजू नये.

५. गाडी. मोटार वाहन कायद्यानुसार रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. साधारण ६५ किलोच्या पुरुषानं एक स्ट्राँग बाटली तासाभरात संपवली तर ढोबळ हिशोबानं ही पातळी ७५ ते ८० च्या आसपास जाते, म्हणजे मर्यादेच्या अडीच पट. ती ३० च्या खाली यायला पुढे आणखी किमान तीन तास लागतात. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तेवढ्याच बिअरनं पातळी आणखी वर जाते. "एकच घेतली, दुचाकीवर दहा किलोमीटर तर जायचंय" हे वाक्य या आकड्यांसमोर ठेवून पाहा.

आणि कॅन्सरबद्दल एक वाक्य, कारण ते कुणी सांगत नाही. अल्कोहोलला कॅन्सरकारक म्हणून १९८८ सालीच पहिल्या गटात टाकलेलं आहे, ज्या गटात तंबाखूही आहे. आरोग्याला पूर्ण सुरक्षित अशी अल्कोहोलची मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. जे पीत नाहीत त्यांनी कुठल्याही कारणासाठी सुरू करू नये. गरोदरपणात तर एक घोटही नको.

माझं मत

आपल्या अन्नसुरक्षा नियमांत बिअरचे दोन भाग आहेत : ५ टक्क्यांपर्यंत सौम्य, त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ आहे, व्हिस्की-रमसाठी २५. या फरकामागचा विचार उघड आहे, कमी वयात कमी अल्कोहोल. पण एका बाटलीत चार पेग भरून मिळू लागले की त्या विचाराला अर्थ उरत नाही. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं व्हिस्की-रमसारख्या मद्यावरचं उत्पादन शुल्क बरंच वाढवलं, बिअरला त्यातून वगळलं. खिशाला परवडत नाही म्हणून क्वार्टर सोडून स्ट्राँगकडे वळलेला माणूस स्वतःला 'कमी केली' म्हणवून घेतो. ग्रॅम मोजले तर कमी झालेलं नसतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत.

पहिली, बाटलीवर अल्कोहोलचे ग्रॅम लिहावेत, मराठीत आणि ठळक. "८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही" या वाक्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. "या बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ४ लहान पेग" हे मात्र कुणालाही कळेल. ऑस्ट्रेलियात बाटलीत किती प्रमाणित पेग आहेत हे छापणं बंधनकारक आहे. लेबल कोण वाचतं, असं कुणी म्हणेल. एमआरपी आणि एक्स्पायरी आपण सगळेच वाचतो. वाचण्यासारखं छापलं की लोक वाचतात.

दुसरी, कर बाटलीतल्या अल्कोहोलच्या ग्रॅमवर लागावा. ब्रिटननं ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या मद्यांवरचा कर कडकपणाशी जोडला. असं केलं तर सौम्य बिअर तुलनेनं स्वस्त आणि स्ट्राँग महाग होईल. महाग केलं की लोक हातभट्टीकडे वळतात, हा आक्षेप खरा आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ते विसरता येणार नाही. म्हणूनच मी सरसकट दरवाढ मागत नाही. कायदेशीर दुकानातच कमी कडक पर्याय स्वस्त मिळावा, एवढंच मागतो आहे.

क्राफ्टच्या चाहत्यांनाही एक विनंती. मोठ्या कंपनीच्या स्ट्राँग लागरला नावं ठेवताना चवीबरोबर ग्रॅमबद्दलही बोला. आणि तोच हिशोब आपल्या मगालाही लावा. छोट्या कारखान्यांनी मेनूवर प्रत्येक मगासमोर ग्रॅम लिहिले तर त्यासाठी कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

जे घेतात त्यांच्यासाठी थोडक्यात

- बाटलीवरचा टक्का आणि मिली वाचा, वरच्या सूत्रात बसवा. आठवड्याचे ग्रॅम एका कागदावर लिहा. पहिल्या आठवड्यातच बऱ्याच जणांचे डोळे उघडतात.
- स्ट्राँगऐवजी सौम्य घेतली तर बाटल्या तेवढ्याच राहूनही अल्कोहोल सुमारे ४० टक्के कमी होतं. बाटल्या वाढवल्या तर सगळं मुसळ केरात.
- उपाशीपोटी नको, तहान भागवायला नको. आधी पाणी, मग जेवण.
- आठवड्यातले काही दिवस पूर्ण कोरडे ठेवा. ते जमत नसेल तर तीच धोक्याची घंटा समजा.
- मधुमेह, लिव्हरचा आजार, टीबी, फिट, गाऊट यांपैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांना खरा आकडा सांगा. आम्ही तो उपचारासाठी विचारतो, रागावण्यासाठी नाही.
- रोज भरपूर पिणाऱ्यांनी मनानं एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असे प्रकार होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं घेऊन सोडता येते.

"सगळेच घेतात" हे वाक्यही एकदा तपासून पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरील पुरुषांपैकी साधारण १४ टक्क्यांनी मद्य घेत असल्याचं सांगितलं. काहींनी लपवलं असेल असं धरलं तरी न घेणारे कितीतरी जास्त आहेत. मित्रांच्या बैठकीत 'नको' म्हणणारा मुलगा एकटा नसतो.

सोडायची इच्छा आहे पण जमत नाही, असं वाटत असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. मनावरचा ताण जास्त असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्ही मोफत आहेत. घरच्या माणसासाठी फोन करायचा असेल तरी चालतो. पेशंट तयार नसेल तर घरच्यांनी आधी येऊन आपल्या डॉक्टरांशी बोलायलाही काही हरकत नाही.